कन्व्हेन्शनल सेल ते प्रिमिटिव्ह सेल आणि उलट: मॅट्रिक्स, अणूंचे निर्देशक, एचकेएल, के-बिंदू

खंडवारोड (इंदूर)

नमस्कार मंडळी. एकाच पदार्थावर एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आणि डीएफटी (इलेक्ट्रॉन-रचनेची संगणकीय गणना) दोन्ही करणाऱ्यांसाठी हा धागा उघडतो आहे. पॅटर्न इंडस-२ (इंदूरचा सिंक्रोट्रॉन) वरच्या बीमलाइनचा असो की प्रयोगशाळेतल्या तांब्याच्या ट्यूबचा, रिटव्हेल्ड (मोजलेल्या पॅटर्नला रचना बसवण्याचं परिष्करण) आपण कन्व्हेन्शनल सेलमध्ये (सममिती स्पष्ट दाखवणारा, सहसा मोठा सेल) करतो. बँड (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्या) आणि फोनॉन (लॅटिसची कंपनं) मात्र प्रिमिटिव्ह सेलमध्ये (सगळ्यात लहान आकारमानाचा आवर्ती सेल) काढायचे असतात. रूपांतर करताना बहुतेक चुका एकाच कारणाने होतात: कोणती राशी कोणत्या मॅट्रिक्सने बदलते हे आधी कागदावर ठरलेलं नसतं. तेवढं आधी ठरवू या.

संकेत असा. कन्व्हेन्शनल बेसिस ए, बी, सी एका ओळीत लिहायचे. नवा बेसिस म्हणजे (ए१ ए२ ए३) = (ए बी सी) × पी. म्हणजे पी-चा प्रत्येक उभा स्तंभ हा एक नवा व्हेक्टर, जुन्या व्हेक्टरांच्या भाषेत लिहिलेला. इंटरनॅशनल टेबल्स या स्फटिकशास्त्राच्या प्रमाण संदर्भग्रंथातला संकेत हाच आहे, त्यामुळे तोच धरावा. पी-चा इनव्हर्स तो क्यू. मग,

बेसिस व्हेक्टर पी-ने बदलतात.
अणूंचे अपूर्णांकी निर्देशक क्यू-ने बदलतात, स्तंभ डावीकडून गुणून: नवा = क्यू × जुना.
एचकेएल (स्फटिकातल्या समतलांचे निर्देशांक) आणि के-बिंदूचे (रेसिप्रोकल अवकाशातल्या बिंदूचे) निर्देशक पी-ने बदलतात, ओळ उजवीकडून गुणून: (एच के एल) × पी.
आकारमान डिटरमिनंट पी-पट होतं.

एचकेएल बेसिससारखे बदलतात आणि अणू त्यांच्या उलट. मनात इतकं पक्कं असलं की उरतो तो हिशोब.

फलककेंद्रित (एफ) लॅटिससाठी पी:
०  १/२  १/२
१/२  ०  १/२
१/२  १/२  ०
डिटरमिनंट १/४. क्यू:
−१  १  १
१  −१  १
१  १  −१
घनाकृती असेल तर प्रिमिटिव्ह बाजू ए/√२, कोन ६०°.

अंतःकेंद्रित (आय) लॅटिसला हीच जोडी उलटी: पी म्हणजे वरच्या क्यू-चा अर्धा, क्यू म्हणजे ० १ १ / १ ० १ / १ १ ०. डिटरमिनंट १/२. घनाकृतीत बाजू ए√३/२, कोन १०९.४७°.

ऱ्होंबोहेड्रल (आर) लॅटिस, हेक्सागोनल अक्षांवरून, ऑब्व्हर्स मांडणी (अक्षांच्या दोन मांडण्यांपैकी एक; दुसरी रिव्हर्स). पी:
२/३  −१/३  −१/३
१/३  १/३  −२/३
१/३  १/३  १/३
डिटरमिनंट १/३. क्यू:
१  ०  १
−१  १  १
०  −१  १

सी-केंद्रित लॅटिससाठी ए१ = (ए−बी)/२, ए२ = (ए+बी)/२, ए३ = सी. निर्देशक अगदी सरळ: नवा एक्स = एक्स−वाय, नवा वाय = एक्स+वाय, झेड तसाच.

---

विश्वामित्रीकाठ (बडोदा)

संकेत नीट मांडलात. त्याला एक मोठा धोका जोडते, कारण तो वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये लपून राहू शकतो.

रूपांतराचा प्रोग्रॅम लिहिला की सगळे तो सिलिकॉनवर तपासतात. सिलिकॉनवर ही तपासणी निरुपयोगी आहे. एफ-ची पी मॅट्रिक्स सममित आहे, ट्रान्सपोज केली तरी तीच. त्यामुळे ओळी आणि स्तंभांची अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही. शिवाय पी आणि क्यू दोन्हींच्या प्रत्येक ओळीची बेरीज १ येते. म्हणून (एक्स, एक्स, एक्स) असा कोणताही अणू पी-ने गुणा की क्यू-ने, तसाच राहतो. सिलिकॉनचा दुसरा अणू (१/४, १/४, १/४), मिठातला क्लोरीन (१/२, १/२, १/२), फ्लोराइटमधले फ्लोरीन (१/४, १/४, १/४) आणि (३/४, ३/४, ३/४): सगळे कर्णावरचे. चुकीचं कोडही त्यांच्यावर बरोबर उत्तर देतं.

एफ-साठी स्पिनेलवर तपासा. स्पेस ग्रुप एफडी-३एम, ओरिजिन चॉइस २ (आरंभबिंदूच्या दोन प्रमाण निवडींपैकी दुसरी), बी-जागा १६डी (समतुल्य जागांच्या संचाचं नाव). कन्व्हेन्शनलमध्ये तिची एक प्रत (१/४, ३/४, ०) अशी आहे. क्यू-ने गुणलं तर (१/२, −१/२, १), म्हणजे सेलमध्ये आणून (१/२, १/२, ०). चुकून पी-ने गुणलं तर (३/८, १/८, १/२), आणि तिथे कोणताही अणू नाही. बरोबर प्रिमिटिव्ह सेलमध्ये चार बी-अणू येतात: (१/२, १/२, १/२), (१/२, १/२, ०), (१/२, ०, १/२), (०, १/२, १/२). ए-अणू दोन: (१/८, १/८, १/८) आणि (७/८, ७/८, ७/८). ऑक्सिजन आठ, त्यातला पहिला (यू, यू, यू), आणि त्याच्याशी जोडलेले तीन (यू, यू, १/२−३यू) आणि त्याची चक्राकार रूपं. यू ०.२६२५ असेल तर तो तिसरा आकडा ०.७१२५ येतो. उरलेले चार या चारांचे ऋण. एकूण १४ अणू, कन्व्हेन्शनलमध्ये ५६. संख्या, जागा आणि ०.७१२५ हा आकडा, तिन्ही जुळले तरच कोड बरोबर.

ओरिजिन चॉइस १ आणि २ मध्ये (१/८, १/८, १/८) चा फरक असतो. जुन्या स्पिनेल पेपरांत ए-जागा (०, ०, ०) लिहिलेली असेल तर ती चॉइस १. सेल बदलण्याआधी ओरिजिन एक करून घ्यावा. दोन्ही बदल एकदम केले की चूक कुठे झाली ते सापडत नाही.

---

तुकोगंज (इंदूर)

ताई, एफ-चं कळलं. ट्रान्सपोजची चूक पकडायला मग कोणता पदार्थ घ्यावा? आणि दादा, आर-चं एक उदाहरण आकड्यांसकट पूर्ण द्याल का? आमच्याकडे अल्युमिना आणि हेमटाइटचीच कामं जास्त असतात.

---

खंडवारोड (इंदूर)

दोन्हींचं उत्तर अल्युमिनाच आहे. आर-ची मॅट्रिक्स सममित नाही, त्यामुळे चूक लगेच उघडी पडते.

कोरंडम, आर-३सी, हेक्सागोनल ए = ४.७५९, सी = १२.९९१ अँगस्ट्रॉम. अल्युमिनियम १२सी (०, ०, ०.३५२२), ऑक्सिजन १८ई (०.३०६३, ०, १/४). एकूण ३० अणू.

बाजू: एक तृतीयांश गुणिले वर्गमूळ (३ए² + सी²). ३ए² = ६७.९४, सी² = १६८.७७, बेरजेचं वर्गमूळ १५.३८५, बाजू ५.१२८ अँगस्ट्रॉम.
कोन: साइन(अल्फा/२) = ३ / (२√(३ + (सी/ए)²)). सी/ए = २.७३०, त्यावरून ०.४६४०, अल्फा ५५.२९°.
आकारमान: हेक्सागोनल २५४.८ घन अँगस्ट्रॉम, प्रिमिटिव्ह ८४.९.

ट्रान्सपोज केलेली मॅट्रिक्स वापरली तर तीन बाजू ५.१२८ ऐवजी ६.०३, ८.८० आणि ४.६१ अशा येतात. डिटरमिनंट तेवढाच असल्याने आकारमान मात्र बरोबर दिसतं! म्हणून नुसतं आकारमान जुळलं म्हणून समाधान मानू नका, बाजू आणि कोन पाहा.

आता अणू. अल्युमिनियम (०, ०, झेड) क्यू-ने गुणला की (झेड, झेड, झेड). चार अणू कर्णावर: ०.३५२२, ०.१४७८, ०.६४७८, ०.८५२२. त्रि-आवर्ती अक्षावरचा प्रत्येक अणू ऱ्होंबोहेड्रल सेलमध्ये (यू, यू, यू) असाच यायला हवा. क्यू-च्या जागी पी वापरलात तर (−झेड/३, −२झेड/३, झेड/३) मिळतं, म्हणजे अणू अक्षावरून सरकला.

ऑक्सिजन (एक्स, ०, १/४) चा होतो (एक्स+१/४, १/४−एक्स, १/४) = (०.५५६३, ०.९४३७, ०.२५००). त्याची दोन चक्राकार रूपं, आणि तिघांचे ऋण. सहा ऑक्सिजन, चार अल्युमिनियम, एकूण १०.

शेवटी बंध मोजायचे. हेक्सागोनलमध्ये (०, ०, ०.३५२२) पासून (०.३०६३, ०, ०.२५) पर्यंत उभं अंतर १.३२८, आडवं १.४५८, म्हणजे बंध १.९७२ अँगस्ट्रॉम. दुसरा छोटा बंध १.८५५ च्या आसपास. नव्या सेलमधून हीच दोन अंतरं प्रत्येकी तीनदा आली पाहिजेत. मॅट्रिक्सवर वाद घालण्यापेक्षा ही तपासणी करावी. बंध जुळले की बाकीचं आपोआप सिद्ध होतं.

एचकेएल: नवे निर्देशांक ((२एच+के+एल)/३, (−एच+के+एल)/३, (−एच−२के+एल)/३). म्हणून (० १ २) चा (१ १ ०), (१ ० ४) चा (२ १ १), (१ १ ३) चा (२ १ ०), (० ० ६) चा (२ २ २). डी-अंतर दोन्हीकडून तेच: (० १ २) चं ३.४८०, (१ १ ३) चं २.०८५ अँगस्ट्रॉम.

---

लष्कर_ग्वाल्हेर

वरच्या सूत्रात एक फुकटची तपासणी आहे. निर्देशांक अपूर्णांकात आला तर ती रेषा त्या लॅटिसमध्ये असूच शकत नाही. आर-ऑब्व्हर्ससाठी −एच+के+एल ला ३ ने भाग जायला हवा, आणि (० १ २) ला तो जातो. तुमच्या यादीत (० १ २) च्या जागी (१ ० २) असेल तर सूत्र ४/३ देईल. त्याचा अर्थ यादी रिव्हर्स मांडणीतली आहे. रिव्हर्ससाठी अट एच−के+एल = ३एन.

रिव्हर्स यादीला ऑब्व्हर्सची मॅट्रिक्स लावून रेटू नका. आधी हेक्सागोनल अक्ष सी-भोवती १८०° फिरवून घ्या: ए चा −ए, बी चा −बी, सी तसाच. अणूंचे एक्स आणि वाय ऋण करायचे, निर्देशांकांतले एच आणि के ऋण करायचे. मग वरची मॅट्रिक्स. तसं न केल्यास लक्षण ठरलेलं आहे: ३० अणू घडी घालून १० वर येत नाहीत. केंद्रीकरणाने एकमेकांवर बसायला हवेत ते अणू वेगवेगळे राहतात आणि यादी लांबते.

एफ-लाही अशीच तपासणी आहे: नवे निर्देशांक (के+एल)/२, (एच+एल)/२, (एच+के)/२. तिन्ही पूर्णांक तेव्हाच येतात जेव्हा एच, के, एल सगळे सम किंवा सगळे विषम असतात. पाठ केलेला नियम इथून आपोआप बाहेर पडतो.

आणि रिटव्हेल्ड करताना हेक्सागोनल मांडणीतच राहा. ऱ्होंबोहेड्रलमध्ये बाजू आणि अल्फा एकमेकांत इतके गुंततात की दोघांची अनिश्चितता फुगते. परिष्करण संपल्यावर ए आणि सी वरून बाजू-कोन काढावेत.

---

सयाजीगंज (बडोदा)

प्रोग्रॅममध्ये हे उतरवताना जिथे हात पोळतो ते लिहितो. पायथॉनमधल्या बहुतेक लायब्ररी लॅटिस ओळींत ठेवतात: पहिली ओळ ए, दुसरी बी, तिसरी सी. एसपीजीलिबच्या (सममिती शोधणारी लायब्ररी) पायथॉन रूपात ओळी, सी-भाषेच्या रूपात स्तंभ. पायमॅटजेन आणि एएसई-ही ओळींचे. ओळींच्या मांडणीत सगळ्यांचा ट्रान्सपोज घ्यावा लागतो: नव्या ओळी = पी-ट्रान्सपोज × जुन्या ओळी, आणि निर्देशकांची ओळ उजवीकडून क्यू-ट्रान्सपोजने गुणायची. फोनोपीचं (फोनॉन काढणारा प्रोग्रॅम) प्रिमिटिव्ह-ॲक्सिस मात्र स्तंभांच्या संकेतात आहे, म्हणजे खंडवारोड दादांची पी जशीच्या तशी. एफ आणि आय मध्ये हा फरक दिसतच नाही, आर मध्ये आपटतो.

उलट दिशेने, प्रिमिटिव्हवरून कन्व्हेन्शनल बनवताना सुपरसेलचं फंक्शन वापरा. ओळींच्या लायब्ररीत आर-साठी द्यायच्या ओळी: १ −१ ० / ० १ −१ / १ १ १. एफ-साठी: −१ १ १ / १ −१ १ / १ १ −१. हाताने करत असाल तर निर्देशक पी-ने गुणून थांबू नका. त्याने फक्त एक चतुर्थांश (आर-मध्ये एक तृतीयांश) अणू मिळतात. प्रत्येकात केंद्रीकरणाची सरकवणी मिळवायची: एफ-ला (०, १/२, १/२), (१/२, ०, १/२), (१/२, १/२, ०), आणि आर-ऑब्व्हर्सला (२/३, १/३, १/३), (१/३, २/३, २/३).

सेलमध्ये आणताना ०.९९९९९८ आणि ०.००००१ हे दोन वेगळे अणू मोजले जातात. तुलना करताना फरकातून जवळचा पूर्णांक वजा करा, मग फरक अँगस्ट्रॉममध्ये बदलून ०.०१ च्या आत आहे का पाहा. अपूर्णांकी फरकावर मर्यादा लावू नये. ४ अँगस्ट्रॉमच्या आणि ४० अँगस्ट्रॉमच्या बाजूला तीच मर्यादा वेगळा अर्थ देते.

आणि निर्देशकांत ०.३३३ लिहू नका. १/३ आणि ०.३३३ यांत १३ अँगस्ट्रॉमच्या बाजूवर ०.००४ अँगस्ट्रॉमचा फरक पडतो. एसपीजीलिबमध्ये सिमप्रेक (सममिती शोधतानाची अंतराची सहनमर्यादा) १०⁻⁵ असेल तर तेवढ्याने केंद्रीकरण सापडत नाही आणि "प्रिमिटिव्ह" म्हणून ३० अणूंचाच सेल परत येतो. किमान आठ दशांश द्या, किंवा सिमप्रेक १०⁻² करा. ०.१ पर्यंत मात्र जाऊ नका. बेरियम टायटॅनेटसारख्या पदार्थात अणूंची सरकच त्या पातळीची असते. खरी विकृती पुसली जाऊन टेट्रागोनल सेल घनाकृती होऊन बसेल.

---

तुकोगंज (इंदूर)

एक शंका आहे, राग मानू नये. एसपीजीलिबला सेल द्या, टू-प्रिमिटिव्ह ट्रू करा, एका ओळीत काम होतं. मग हे सगळं हाताने कशासाठी?

---

विश्वामित्रीकाठ (बडोदा)

राग कसला, प्रश्न रास्तच आहे. वापरा जरूर. पण ती एक ओळ नेमकं काय करते ते माहीत असू द्या.

स्टँडर्डाइज-सेल नुसता सेल लहान करत नाही. नो-आयडिअलाइज हा पर्याय लावला नाही तर ते लॅटिस आदर्श आकाराला आणतं आणि स्फटिक कार्टेशियन अक्षांत फिरवून ठरलेल्या दिशेला ठेवतं. नुसत्या अणूंच्या यादीसाठी ठीक. पण जुन्या सेलमधली बलं, अणूंची विस्थापनं, चुंबकीय आघूर्णं, डायइलेक्ट्रिक टेन्सर हे सगळं जुन्या दिशांत लिहिलेलं असतं. नव्या सेलला ते तसंच जोडलं तर उत्तर येतं, दिसायलाही ठीक दिसतं, आणि चुकीचं असतं. फिरवलेल्या मॅट्रिक्सची नोंद एसपीजीलिब देतं, ती वाचून व्हेक्टरही फिरवावे लागतात. हाताने पी लावली तर फक्त बेसिसची निवड बदलते, अणू अवकाशात जिथल्या तिथे राहतात.

दुसरं, प्रिमिटिव्ह सेल एकच नसतो. एका लॅटिसचे असंख्य प्रिमिटिव्ह सेल निघतात. पायमॅटजेनचा "प्रिमिटिव्ह स्टँडर्ड" सेत्यावान–कुर्तारोलो यांच्या २०१० च्या संकेताचा, एसपीजीलिबचा त्याचा स्वतःचा. बँडचा मार्ग एका संकेतातून आणि सेल दुसऱ्यातून घेतला की बिंदूंची नावं बरोबर आणि जागा चूक. आर-मध्ये तर अल्फा ९०° पेक्षा लहान की मोठा यावर ब्रिल्वाँ झोनचा (के-बिंदूंच्या अवकाशातला मूळ सेल) आकारच बदलतो. मार्ग आणि सेल एकाच ठिकाणाहून घ्या.

---

लष्कर_ग्वाल्हेर

के-बिंदूंचं ताईंनी काढलंच आहे तर आकडे देतो. के एचकेएलसारखा बदलतो, म्हणजे पी-ने. घनाकृती एफ-मध्ये एक्स बिंदू कन्व्हेन्शनल भाषेत (०, १, ०). पी-ने गुणला की (१/२, ०, १/२), जो प्रिमिटिव्हच्या यादीत आपण नेहमी पाहतो. एल दोन्हीकडे (१/२, १/२, १/२), इथेही कर्णाची फसवणूक आहेच. डब्ल्यू कन्व्हेन्शनलमध्ये (१/२, १, ०), प्रिमिटिव्हमध्ये (१/२, १/४, ३/४). तपासणीला डब्ल्यू घ्यावा.

आठ अणूंचा सिलिकॉन सेल देऊन त्यावर प्रिमिटिव्हचा मार्ग चालवला तर काय होतं? पहिलं, कन्व्हेन्शनल सेलसाठी (०, १, ०) हा रेसिप्रोकल लॅटिसचाच व्हेक्टर आहे, म्हणून एक्स गॅमावर (के = ० हा बिंदू) घडी होऊन पडतो. सिलिकॉनच्या वहन पट्ट्याचा तळ गॅमा–एक्स रेषेवर एक्सच्या दिशेने साधारण ८५ टक्क्यांवर असतो. घडी झाल्यावर तो गॅमापासून १५ टक्क्यांवर दिसतो, आणि ढोबळ आलेखात सिलिकॉनचा बँडगॅप जवळजवळ थेट असल्यासारखा वाटतो. दुसरं, (१/२, ०, १/२) हा बिंदू त्या सेलमध्ये एक्स नाहीच. म्हणजे आलेखावर लिहिलेलं "एक्स" हे नावच खोटं. पट्ट्या एकदम दाट आणि चौपट दिसल्या की आधी अणू मोजा.

के-जाळी. कन्व्हेन्शनलला ६×६×६ पुरत असेल तर घनाकृती एफ-च्या प्रिमिटिव्हला १०×१०×१० घ्या. रेसिप्रोकल व्हेक्टर √३ पट लांब होतात, म्हणून ६ × १.७३. सहाच ठेवून "लहान सेल, कमी जाळी" असं करणारे बरेच असतात. सेल लहान झाला की झोन मोठा होतो. हेक्सागोनल आणि ऱ्होंबोहेड्रलला जाळी गॅमा-केंद्रितच ठेवा, सरकवलेली जाळी सममिती मोडते.

क्वांटम एस्प्रेसो हा डीएफटीचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी: आयब्राव्ह = २ (घनाकृती एफ लॅटिस) दिलं तरी सेलडीएम(१) मध्ये कन्व्हेन्शनल बाजूच द्यायची, बोरमध्ये. सिलिकॉनला १०.२६. तिथे प्रिमिटिव्ह बाजू ७.२६ दिली की आकारमान २.८३ पटीने घटतं आणि दाब अफाट येतो. दाब वेडावाकडा दिसला की ही एक जागा आधी पाहा.

---

खंडवारोड (इंदूर)

रामन करणाऱ्यांसाठी एक जोड. कंपनांची गणना प्रिमिटिव्ह सेलवरच करायची. कोरंडमला १० अणू, ३० मोड: २ए१जी + २ए१यू + ३ए२जी + ३ए२यू + ५ईजी + ५ईयू. त्यातून ए२यू आणि ईयू असे तीन ध्वनिक मोड वजा. रामनमध्ये दिसणारे २ए१जी आणि ५ईजी, म्हणजे सात रेषा. ३० अणूंचा सेल धरून ९० मोड काढले तर जास्तीचे ६० हे गॅमाचे नसतात, झोनमधल्या दुसऱ्या बिंदूंवरून घडी होऊन आलेले असतात. फोनोपीत बलं हेक्सागोनल सेलवर काढलीत तरी हरकत नाही, प्रिमिटिव्ह-ॲक्सिस ऑटो लिहा आणि आलेखात ३० फांद्या आहेत याची खात्री करा.

---

सयाजीगंज (बडोदा)

पृष्ठभागाची कामं करणाऱ्यांनी हे जपावं. स्लॅब बनवणारं फंक्शन तुम्ही दिलेल्या सेलच्या भाषेत एचकेएल समजतं. वेफरवर लिहिलेला (१ ० ०) कन्व्हेन्शनलचा असतो. प्रिमिटिव्ह सेल देऊन (१ ० ०) मागितला तर मिळणारा पृष्ठभाग म्हणजे (१ ० ०) × क्यू = (−१ १ १), अर्थात १११ कुळातला. आणि प्रिमिटिव्हचा (१ १ ०) म्हणजे कन्व्हेन्शनलचा (० ० २), म्हणजेच ००१ चा पृष्ठभाग. पृष्ठऊर्जेचे आकडे उलटसुलट का आले याचं उत्तर अनेकदा इतकंच असतं. स्लॅबला नेहमी कन्व्हेन्शनल सेल द्या, स्लॅब तयार झाल्यावर तो लहान करा.

---

तुकोगंज (इंदूर)

फार उपयोगी. मोनोक्लिनिक सी-केंद्रित पदार्थात, समजा बीटा गॅलियम ऑक्साइड, प्रिमिटिव्ह सेल फार तिरका येतो. तो तसाच वापरावा का?

---

विश्वामित्रीकाठ (बडोदा)

सी२/एम, ए = १२.२३, बी = ३.०४, सी = ५.८० अँगस्ट्रॉम, बीटा १०३.७°. (ए∓बी)/२ घेतले की दोन बाजू ६.३० च्या आणि त्यांच्यातला कोन २७.९°. २० अणूंचे १० झाले, सेल गणिताने शुद्ध आहे. पण इतक्या निमुळत्या कोनात बाजूची लांबी पाहून के-जाळी ठरवली तर फसगत होते. व्हेक्टर ६.३० चा असला तरी समोरच्या समतलांमधलं अंतर ३ च्याही खाली असतं, आणि रेसिप्रोकल व्हेक्टर त्या अंतरावरून ठरतो. जाळी रेसिप्रोकल लांबीवरून ठरवा. किंवा निग्ली पद्धतीने सेल आखूड करून घ्या: बी ही सर्वांत छोटी लॅटिस बाजू (३.०४) आपोआप पुढे येते, मग ५.८० आणि ६.३०. निग्ली सेल एका लॅटिसला एकच असतो, म्हणून दोन फाइलींतला लॅटिस एकच आहे का हे तपासायलाही तो चांगला. त्यासाठी क्रिव्ही–ग्रूबर यांची १९७६ ची पायरीवार पद्धत बहुतेक प्रोग्रॅममध्ये आहे. फक्त हे बदल एका पूर्णांकी मॅट्रिक्सने होतात, ती जपून ठेवा. अणूंना तिचाच इनव्हर्स लागेल. आणि तिचा डिटरमिनंट −१ आला तर एक व्हेक्टर ऋण करा, नाहीतर डावखुरा सेल बनतो. वास्प हा डीएफटीचा प्रोग्रॅम तो घेतच नाही, ट्रिपल प्रॉडक्ट ऋण आहे म्हणून थांबतं.

चुंबकीय पदार्थांचं राहिलं, तेही इथेच लिहिते. निकेल ऑक्साइडचा प्रिमिटिव्ह सेल दोन अणूंचा. पण त्यातली प्रतिलोहचुंबकीय रचना १११ दिशेने एकाआड एक थरांत उलटते, त्यामुळे चुंबकीय सेल दुप्पट लागतो. तो कन्व्हेन्शनलवरून काढायची पी:
१  १/२  १/२
१/२  १  १/२
१/२  १/२  १
डिटरमिनंट १/२, म्हणजे चार अणू. बाजू ए√१.५, कोन ३३.५६°. निकेल वर (०, ०, ०), निकेल खाली (१/२, १/२, १/२), ऑक्सिजन (१/४, १/४, १/४) आणि (३/४, ३/४, ३/४).

हा सेल चुंबकीय आघूर्णं न सांगता सममिती शोधणाऱ्या प्रोग्रॅमला दिला की दोन्ही निकेल त्याला सारखेच दिसतात, आणि तो इमानदारीने दोन अणूंचा सेल परत देतो. प्रतिलोहचुंबकत्व गेलं. उपाय दोन. आघूर्णंही द्यायची, किंवा दोन निकेलना वेगळ्या जातीची नावं देऊन सेल काढायचा आणि नंतर नावं एक करायची. दुसऱ्या उपायात स्यूडोपोटेन्शियलची फाइल दोन्ही नावांना तीच जोडली आहे ना, ते पाहावं.